आमच्या टेरेसचा स्लॅब हलतो

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, नाकावर काच बसवायची आणि ती नीट बसली का बघायचं, हा माझा बरीच वर्षं चाललेला धंदा. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर मी दुर्बीण घेतली, तेव्हा घरच्यांना वाटलं की दुकानासाठीच काहीतरी आणलं असणार. खोकं दुकानात न जाता जिन्यानं टेरेसवर गेलं, तेव्हा प्रश्न सुरू झाले. आता या वयात? आणि रोज वर चढणार? आणि फोटो काढून करणार काय? मी सुरुवातीला प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. मग कंटाळा आला आणि उत्तरं देणं बंद केलं. मला बघायचं होतं, एवढंच. त्याला आणखी कारण लागतं असं मला वाटत नाही.

आमचं घर कसबा बावड्यात, वस्ती संपून ऊस सुरू होतो तिथं आहे. माझ्या मोठ्या भावानं, दादानं, ते बांधलं. तो बांधकामाचे ठेके घेतो. बहिणीचं घर म्हणून त्यानं सिमेंट कमी पडू दिलं नाही की लोखंड. टेरेसवर चारही कोपऱ्यांत कॉलम वर काढून त्यातून सळ्या सोडल्या, पुढं कधीतरी वरचा मजला चढवायला. त्या सळ्या दरवर्षीच्या पावसात गंजत गेल्या आणि मी त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधत गेले. उत्तरेला शेतं असल्यामुळे त्या बाजूला दिवे कमी. दुर्बिणीला ते सोयीचं होतं.

आता ध्रुवाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं भांडण त्यावरून झालं. पृथ्वी फिरते म्हणून आपल्याला तारे सरकताना दिसतात. अंधुक गोष्टींचा फोटो काढायचा तर कॅमेरा काही मिनिटं उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तारा सरकून त्याची रेघ होते. म्हणून दुर्बिणीखाली मोटरची बैठक असते, तिला माउंट म्हणतात. ती दुर्बिणीला ताऱ्याच्या मागोमाग हळूहळू फिरवते. पण ज्या आसाभोवती ती फिरते, तो आस आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखलेला हवा. ध्रुवतारा त्या जागेच्या अगदी शेजारी असतो, म्हणून त्याचा आधार घेऊन आस लावायचा. याला पोलर अलाइनमेंट म्हणतात. आमच्या घरात याला ‘ध्रुव लावणं’ असं नाव पडलं. कोल्हापुरात ध्रुव फार वर नसतो. हात लांब करून मूठ धरली, तर क्षितिजापासून दोन मुठींच्या आत सापडतो. आमच्या टेरेसवरून तो उसाच्या शेंड्यांच्या थोडा वर दिसतो.

मी तिपाई टेरेसच्या मध्यापासून जरा उत्तरेला ठेवली होती, पाण्याच्या टाकीची आडकाठी येत नाही अशी. दिवस मावळला की दुकान माणसावर सोपवायचं, घरी यायचं, ध्रुव दिसू लागला की लगेच लावायचा आणि जेवणाआधी फोटो सुरू करायचे. जानेवारीत मृग नक्षत्र संध्याकाळीच चांगलं वर आलेलं असतं. त्याच्यातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो आला तेव्हा तारे गोल होते, टाचणीच्या टोकासारखे. मी खाली जाऊन नवऱ्याला दाखवला. तो कागलच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे, कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. तो म्हणाला, “बरा आलाय.” त्याच्याकडून हे पुष्कळ झालं.

जेवून परत वर गेले. पुढचे फोटो बघितले तर ताऱ्यांचे तांदूळ झालेले. सगळे एकाच दिशेला ओढलेले. मी ध्रुव पुन्हा तपासला, तो जागेवर नव्हता. थोडासाच सरकला होता, पण सरकला होता. पाय लागला असेल म्हणून मी परत लावला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तिपाईभोवती खुर्च्या मांडल्या, कोणी जवळ जाऊ नये म्हणून. तरी तेच.

शहरात आकाश बघणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात आणि त्यांचा शब्द शेवटचा असतो. मी मोबाइलवर फोटो नेऊन त्यांना दाखवले.

“मॅडम, तुमचा ध्रुव नीट लागलेला नाही,” ते म्हणाले.

“सर, लावते तेव्हा नीट असतो. पहिले फोटो बघा. नंतर सरकतो.”

“ध्रुव सरकत नाही हो,” ते हसले, आणि आजूबाजूचेही हसले. “हे काम फार नाजूक असतं. सगळ्यांना जमतंच असं नाही. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी बघायचा आनंद घ्या. चंद्र बघा, शनीची कडी बघा. घरातल्यांना दाखवा.”

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. राग आला होता, पण त्यापेक्षा मला एक गोष्ट खटकली. दिवसभर मी लोकांना भिंग बदलून बदलून विचारते, आता दिसतंय का, आता? समोरचा म्हणाला की अंधुक दिसतंय, तर मी त्याला खोटं ठरवत नाही. काचेत काय चुकलंय ते शोधते. सरांनी तेवढंही केलं नव्हतं. परत येताना स्कूटरवर मी ठरवलं की कारण सापडेपर्यंत या माणसाला पुन्हा काही विचारायचं नाही.

कारण सापडलं ते ढगांमुळे. फेब्रुवारीत एक दिवस सकाळपासून मळभ होतं. टेरेसवर वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत दमटच होते. संध्याकाळी मात्र आभाळ मोकळं झालं. मी नेहमीसारखा ध्रुव लावला आणि फोटो सुरू केले. जेवून वर आले, तर तारे गोल. आणखी थोडा वेळ थांबले, तरी गोल. मी काहीच वेगळं केलं नव्हतं. दिवस तेवढा वेगळा होता. मी चप्पल काढून टेरेसवर उभी राहिले. रोज त्या वेळी तळव्यांना स्लॅबची ऊब लागायची, खाली चूल पेटल्यासारखी. त्या दिवशी स्लॅब गार होता.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि संध्याकाळी तांदूळ परत आले.

मी नवऱ्याला सांगितलं, “दिवसभराच्या उन्हानं स्लॅब वाकतोय. वरचा थर तापतो आणि पसरतो, खालचा थर घराच्या सावलीत गारच असतो. म्हणून स्लॅब मध्ये फुगतो, पापड भाजताना फुगतो तसा, फक्त दिसत नाही एवढा थोडा. रात्री निवला की परत बसतो. त्याच्यावरची तिपाई कलणार नाही तर काय?”

त्यानं घास घेता घेता मान हलवली. “आमच्या शॉपमध्ये मोठं मशीन बसवताना दुपारची लेव्हल धरतच नाहीत. पत्र्याखाली सगळं तापलेलं असतं.”

“मग हे इतके दिवस का बोलला नाहीत?”

“तू विचारलं नाहीस.”

मी त्याला मशीन बसवायची लेव्हल आणायला सांगितलं. गवंड्याकडच्या पाणसळीसारखीच असते ती, पण कितीतरी जास्त तंतोतंत. एका टोकाखाली कागद सरकवला तरी आतला बुडबुडा पळतो. साहेबांची परवानगी काढून त्यानं ती आणली. तिपाईच्या जागी स्लॅबवर मी एक जाड काच चिकटवली. संध्याकाळी, ऊन उतरलं तरी स्लॅब तापलेला असताना, तिच्यावर लेव्हल ठेवली आणि कागदाच्या घड्या सरकवून बुडबुडा बरोबर मध्ये आणला. लेव्हल स्वतःच तापून खोटं दाखवू नये म्हणून दिवसभर ती जिन्यात सावलीला ठेवली होती. काचेवरून कोणी हलवू नये म्हणून वर मोठं पातेलं पालथं घातलं.

जेवण झाल्यावर पातेलं उचललं. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला होता. मी लेव्हल उचलून उलट सुलट करून ठेवली. तरी बुडबुडा त्याच दिशेला. म्हणजे लेव्हल खोटं बोलत नव्हती.

मी तिथंच बसले आणि हसू लागले. नवऱ्याला वाटलं काहीतरी झालं.

पुढच्या रविवारी दादा जेवायला आला होता. मी त्याला उत्साहानं सगळं सांगितलं, हाच माझा मूर्खपणा. सांगता सांगता त्याचा चेहरा बदलत गेला तिकडं माझं लक्षच नव्हतं.

“म्हंजे मी बांधलेला स्लॅब हलतोय म्हनतीस?”

“दादा, तसं नाही. सगळेच हलतात. उन्हानं.”

“आगं, ह्या गल्लीतली निम्मी घरं मी बांधल्याती. माझा स्लॅब कुटं पडलाय? कुटं गळलाय?”

“पडला असं कुठं म्हटलं मी? हलतो म्हटलं.”

“काँक्रीट हाय त्ये. रबर न्हाय. तुज्या दुर्बिणीचं पाय ढिलं असतील.”

“लेव्हल लावून बघितलं.”

“मग लेव्हलच तापली असंल.”

मी नवऱ्याकडं बघितलं. “सांगा की दादाला. मशीन शॉपमध्ये काय करतात ते सांगा.”

नवऱ्यानं ताटातली भाकरी मोडली. “तुमचं बहीण-भावाचं आहे. मी काय बोलू?” त्या दिवशी मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पण भांडण तिथं संपलं नाही, कारण खरं सांगायचं मी अजून सांगितलंच नव्हतं. स्लॅबच्या मध्याजवळ ठेवलेलं काहीही हलणार. कॉलमवर ठेवलं तर हलणार नाही, कारण कॉलम सरळ जमिनीत गेलेला असतो. वायव्येच्या कोपऱ्यातल्या कॉलमवरून ध्रुव स्वच्छ दिसत होता. तिथं लोखंडी खांब उभा करून त्यावर दुर्बीण बसवायची होती. फक्त मध्ये सळ्या होत्या.

“मी त्या कोपऱ्यातल्या सळ्या कापून घेणार आहे,” मी म्हणाले.

दादा पाणी पीत होता. तांब्या खाली ठेवला. “सळ्या कापायच्या न्हाईत.”

“का?”

“का म्हंजे? वरचा मजला चढवायचा हाय की न्हाय? म्हातारपनी भाड्यानं द्यायला व्हईल, लेक आली तर तिला व्हईल. मी काय माज्यासाठी सोडल्याती का त्या सळ्या?”

ते खरं होतं. त्यानं माझ्यासाठीच सोडल्या होत्या. सासरी बहिणीला कधी कुणापुढं हात पसरायला लागू नये, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून होतं. मला ते कळत होतं, आणि कळत असूनही मला त्या सळ्यांच्या खाली उरलेलं आयुष्य काढायचं नव्हतं. आमची मुलगी बेंगळुरूला असते, ती तिथंच राहणार हे सगळ्यांना माहीत आहे. भाडेकरू मला नको आहेत. वर येणाऱ्या मजल्यासाठी आमची टेरेस इतकी वर्षं नुसती वाट बघत होती आणि मीही तिच्याबरोबर वाट बघावी अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

“दादा, मला वरचा मजला बांधायचाच नाही,” मी म्हणाले.

“आज न्हाय म्हनतीस. उद्या म्हनशील.”

“उद्याही नाही म्हणेन. घर माझ्या नावावर आहे.”

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं नंतर वहिनी म्हणाली. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. दादा उठला, हात धुतला, चप्पल घातली. दारातून म्हणाला, “कापायच्या असतील तर माज्या मानसांना बोलवू नको. दुसरी बघ.”

मी दुसरी बघितली. एप्रिलच्या एका सकाळी वेल्डर ग्राइंडर घेऊन आला. नवऱ्यानं मला न सांगता रजा काढली होती. तो टेरेसवर छत्री घेऊन उभा राहिला आणि वेल्डरला म्हणाला, “कॉलमच्या बरोबरीनं काप, टोकं वर ठेवू नको.” इतके दिवस तोंड न उघडलेल्या माणसाची ही बाजू घ्यायची पद्धत. सळ्या कापताना ठिणग्या शेजाऱ्यांच्या टेरेसपर्यंत उडाल्या. शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, “काय हो हे? आता वरचा मजला कसा चढवणार?” मी म्हणाले, “नाही चढवणार.” कोणी मेलं असल्यासारखं त्यांनी मला विचारलं, “सगळं बरं आहे ना?”

मग पावसाळा आला आणि आकाश चार महिने झाकून गेलं. दादा रक्षाबंधनाला आला, राखी बांधून घेतली, ओवाळणी ताटात टाकली, टेरेसवर काय केलं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर खांब उभा केला. जाड लोखंडी पाइप, कॉलमला बोल्ट लावून पक्का केलेला, आणि थरथरू नये म्हणून आत काँक्रीट भरलेलं. पहिल्या स्वच्छ संध्याकाळी मी ध्रुव लावला. आता काय बिघडणार होतं? कॉलम जमिनीत, खांब कॉलमवर, दुर्बीण खांबावर.

जेवून वर आले. तारे गोल नव्हते. पूर्वीसारखे तांदूळ नव्हते, पण गोलही नव्हते. किंचित लांबट, जिऱ्यासारखे.

त्या रात्री मी रडले. सळ्या कापून, दादाला दुखवून, शेजाऱ्यांचे टोमणे ऐकून हातात आलं हे. दादा म्हणाला होता तसे पाय ढिले असतील. सर म्हणाले होते तसं मला जमत नसेल. नवरा शेजारी बसून होता. तो म्हणाला, “आधी तांदूळ होते ना? आता जिरं आहे. म्हणजे अर्धं तरी तुझं खरं होतं.”

“आणि उरलेलं?”

“ते तू शोधशील. झोप आता.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दुपारीच वर गेले आणि खांबाला हात लावला. नैर्ऋत्येची बाजू चटका बसेल इतकी तापली होती. मागची, सावलीतली बाजू गार होती. मी हात फिरवत राहिले, गरम, गार, गरम, गार. एका बाजूनं तापलेला खांब त्या बाजूनं लांब होतो आणि दुसऱ्या बाजूला झुकतो. मी स्लॅबला जो दोष लावला होता तोच माझ्या खांबाला होता. शिवाय आतल्या काँक्रीटमुळे ती ऊब लवकर जातही नव्हती. मी सूर्य मावळल्याबरोबर ध्रुव लावत होते, तेव्हा खांब झुकलेला असायचा, आणि मी जेवत असताना तो सरळ व्हायचा. गंमत म्हणजे मला वाईट वाटलं नाही. उलट बळ आलं. माझं म्हणणं मी समजत होते त्याहून जास्त खरं निघालं होतं.

मी खाली जाऊन जुनी वाकळ काढली, खांबाला दोन वेढे देऊन सुतळीनं बांधली. तिच्यावर पांढरं प्लास्टिक. नैर्ऋत्येला थोडं अंतर सोडून पत्र्याचा आडोसा उभा केला, म्हणजे ऊन खांबापर्यंत येणारच नाही. आणि स्वतःची घाई मोडली. ऊन मावळलं की दुर्बीण बाहेर काढून ठेवायची, खाली जाऊन स्वयंपाक करायचा, जेवायचं, आणि मग वर येऊन ध्रुव लावायचा. तोवर लोखंड, काँक्रीट, काच आणि हवा सगळं एका मापाला आलेलं असतं. आधी ध्रुव आणि मग जेवण असा माझा क्रम होता. तो उलटा केला.

टेरेस विचित्र दिसायची. कोपऱ्यात वाकळ पांघरून कोणी उभं राहिल्यासारखं वाटायचं. शेजारच्या काकूंनी विचारलं, “खांबाला थंडी वाजते का हो?” मी म्हणाले, “नाही, ऊन लागतं.”

डिसेंबरात कृत्तिकांचा फोटो काढला. पहिला गोल. जरा वेळानं घेतलेला गोल. आणखी उशिरा घेतलेलाही गोल. ताऱ्यांभोवतीचं निळसर धुकं त्यात उतरलं होतं. मी नवऱ्याला वर बोलावलं. त्यानं स्क्रीन बोटांनी मोठी करून एकेक तारा बघितला, मशीनमधून निघालेला पार्ट तपासतो तसा.

“पास,” तो म्हणाला.

जानेवारीत सरांच्या गटानं एका कॉलेजच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. मी दोन फोटो दिले. एकात तांदूळ, एकात गोल तारे. खाली लिहिलं होतं: ‘दुर्बीण तीच, माणूस तोच. पहिला स्लॅब तापलेला असताना, दुसरा कॉलमवरून आणि खांब निवल्यावर.’

सरांनी गोल ताऱ्यांचा फोटो बराच वेळ बघितला. “छान आहे. नवीन माउंट घेतलं वाटतं?”

“नाही. तेच आहे.”

“हा लावू आपण. दुसरा कशाला? तो बिघडलेला आहे.”

“बिघडलेला नाही सर. गरम आहे. दोन्ही शेजारी लावले तरच लोकांना कळेल.”

“आणि हे खालचं वाक्य काढा. तापमानाचा एवढा परिणाम होत नाही. लोकांचा गैरसमज होईल.”

“तुम्ही माझ्या टेरेसवर या. लेव्हल लावून दाखवते.”

“तेवढा वेळ कुणाकडं आहे मॅडम? एक फोटो द्या, वाक्य नको.”

“मग दोन्ही परत द्या,” मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी रुसले. मी रुसले नव्हते. मी दोन्ही फोटो घेऊन आले आणि दुकानात काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावले, खालच्या वाक्यासकट. दिवसभर माणसं बसलेली असतात, नंबर काढायची नाहीतर चष्म्याची वाट बघणारी. हॉलमध्ये जेवढ्यांनी बघितले असते त्याहून जास्त लोकांनी ते बघितले असतील. कुणी विचारलं की मी सांगायची. स्लॅब हलतो हे ऐकून लोक हसायचे, मग आपापल्या टेरेसचं सांगायचे. एकानं सांगितलं की त्यांच्या वरच्या खोलीचं दार उन्हाळ्यात दुपारी घट्ट होतं आणि रात्री सुटतं.

ही बातमी दादापर्यंत जायला वेळ लागला नाही. त्याच्याच एका गिऱ्हाइकानं त्याला सांगितलं की तुमच्या बहिणीच्या दुकानात तुमच्या स्लॅबचा फोटो लागलाय. मार्चमध्ये एक दिवस तो दुकानात आला. बऱ्याच दिवसांनी आला होता, पण बसला नाही.

“त्यो फोटो काढ.”

“नाही काढणार.”

“लोकं माजी चेष्टा कराय लागल्याती.”

“मी तुझं नाव लिहिलेलं नाही. आणि जे लिहिलंय ते खरं आहे. खोटं असेल तर तू दाखव, मी आत्ता काढते.”

गिऱ्हाईक बसलेलं होतं, म्हणून त्यानं आवाज चढवला नाही. “येतो सांजच्याला,” म्हणाला.

तो स्वतःची पाणसळ घेऊन आला. मी नवऱ्याला मशीन शॉपची लेव्हलही पुन्हा आणायला सांगितली होती. टेरेस अजून तापलेली होती. त्यानं स्लॅबवरच्या काचेवर आधी स्वतःची पाणसळ ठेवली, मग आमची, आणि दोन्ही बुडबुडे मध्ये आणले. कागदाच्या घड्या त्यानंच घातल्या, मी हात लावला नाही. मग दुसरी काच त्यानं कॉलमजवळ चिकटवली, आमची लेव्हल उचलून तिथं लावली आणि बुडबुड्याच्या जागी खडूनं खूण केली. मला सांगायची गरजच पडली नाही. खाली आम्ही चहा घेतला, मग जेवलो. नवरा बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं दादाशी बोलला, कागलच्या उकाड्यावर आणि दुपारच्या लेव्हलीवर. दादा ऐकत होता.

वर गेल्यावर दादानं बॅटरी लावली आणि मधल्या काचेवर वाकला. बराच वेळ वाकून होता. पाणसळ फिरवून बघितली, पुसून बघितली. मग कॉलमजवळ गेला. तिथला बुडबुडा जवळजवळ खुणेवरच होता.

“हितं हलतंय,” तो मधल्या काचेकडं हात करून म्हणाला. “कॉलमवर न्हाय हलत.”

“म्हणूनच तर सळ्या कापल्या, दादा.”

“ते चुकीचंच केलंस तू.”

“असू दे.”

तो कठड्याला टेकून उभा राहिला. उसातून वारा येत होता. वाकळ गुंडाळलेल्या खांबाकडं त्यानं बघितलं. मग म्हणाला, “लिहायचंच असंल तर पुरं लिही. सगळ्यांचंच हलतंय म्हनून लिही. एकट्या माजंच कशाला?”

मला हसू आलं, पण मी दाबलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर मी जुन्या वाक्याखाली एक ओळ वाढवली: ‘उन्हात सगळेच स्लॅब हलतात.’ आधीचा एकही शब्द खोडला नाही. सरांच्या गटात मी परत गेले नाही. उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांतल्या सळ्या अजून आहेत. त्या केव्हा कापायच्या यावर आमचं आणि दादाचं भांडण चालू आहे.